पगार पुढे, खुर्ची तिथेच

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने जन्माला आलं, आणि पुढची साठ-बासष्ट वर्षं त्याचा स्वतःचा एकही अध्यापन विभाग नव्हता. शिकवायचं काम एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन अशा कॉलेजांकडे होतं. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा आणि पदवी द्यायची, एवढंच. हा साचा लंडन विद्यापीठावरून उचललेला होता. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस तिथे प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा कुठे विद्यापीठात रोजचा तास सुरू झाला. तोवर विद्यापीठ म्हणजे सिनेटमधले फेलो, एक रजिस्ट्रार आणि त्याच्या हाताखालचे कारकून आणि शिपाई. फेलो सभेपुरते जमत. रोज सकाळी कुलूप काढणारे हे बाकीचेच.

हे आधी सांगतो, कारण विद्यापीठातली पगारी नोकरी ही शिक्षकाच्या आधी कारकुनाची आहे. पुढे जाण्याचा, बढतीचा, शिकून मोठं होण्याचा विचार मात्र उलट्या क्रमाने झाला. शिक्षकाचा आधी झाला, कारकुनाचा मागून, आणि तोही अर्धामुर्धा.

विरार पूर्वेला चंदनसारच्या रस्त्याने आत शिरलं की प्रत्येक दोन-तीन इमारतींमागे एखादं घर असं सापडतं, जिथला कर्ता माणूस ‘युनिव्हर्सिटीत’ किंवा ‘कॉलेजात ऑफिसला’ असतो. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला आणि पालिकेला अर्ज करायला लोक त्यालाच पुढे करतात. अर्ज कसा लिहिला म्हणजे तो परत येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. विद्यापीठ ज्या फोर्टात आहे, त्याचं आणि विरारचं नातं तसं जुनंच. विरारहून बॅकबेपर्यंतची पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला धावली, तेव्हा विद्यापीठाला दहा वर्षंही पुरी झाली नव्हती आणि राजाबाई टॉवरचा पायाही घातलेला नव्हता. १९३६ मध्ये बोरिवली ते विरार विजेची गाडी आली आणि फोर्टात नोकरी करून साठ किलोमीटरवर राहणं ही माणसाला झेपणारी गोष्ट झाली. घर लांब, जागा स्वस्त, पगार ठरलेला. चंदनसारसारख्या गावांतल्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या त्या पुढे कितीतरी वर्षांनी, पण त्यांचं गणित तेव्हाच मांडलं गेलं होतं.

परत कचेरीकडे येऊ. सुरुवातीची वर्षं विद्यापीठाचं बिऱ्हाड टाउन हॉलमध्ये होतं. १८७४ साली कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह झालं, आणि १८७८ साली प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून ग्रंथालय आणि मनोरा. कुलगुरुपद त्या काळी मानाचं होतं, पूर्णवेळ नोकरीचं नव्हे. १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे हायकोर्टाचे न्यायाधीश होते. चिमणलाल सेटलवाड १९१७ ते १९२९ अशी तब्बल बारा वर्षं कुलगुरू होते आणि पेशाने नावाजलेले वकील. असे लोक विद्यापीठाला प्रतिष्ठा देत, दिशा देत. पण परीक्षेचं वेळापत्रक, प्रश्नपत्रिकांची छपाई, लांबच्या केंद्रांचा पत्रव्यवहार, फीचा हिशेब, निकालाचं गॅझेट हे सगळं रजिस्ट्रारच्या टेबलावरून हले. १८६२ साली महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिल्या पदवीधरांत आले, त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. त्यांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोणी बांधले, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

रजिस्ट्रारच्या खुर्चीवर कोणी बसायचं, हा वाद मात्र मुळापासूनचा. मुंबईचं विद्यापीठ निघालं तेव्हा लंडन विद्यापीठाचे रजिस्ट्रार विल्यम कार्पेंटर होते. शरीरक्रियाशास्त्रातलं मोठं नाव, आणि १८५६ ते १८७९ अशी तेवीस वर्षं ते त्या पदावर राहिले. म्हणजे संशोधकाने येऊन कचेरी सांभाळायची ही वाट तिकडून आलेली आहे. कार्पेंटर निदान एकदा आले ते तेवीस वर्षं टिकले. आपल्याकडच्या विद्यापीठांत प्रभारी कुलसचिव, म्हणजे रजिस्ट्रार, जितके होऊन गेले, त्यांच्या सह्यांचे नमुने जमवायचे म्हटले तर वेगळं कपाट लागेल.

या वंशावळीत एक माणूस थांबून बघण्यासारखा आहे. एस. आर. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे दीर्घकाळ रजिस्ट्रार होते. शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा ठरलं, तो लिहिला त्यांनी. इतिहासाच्या प्राध्यापकाने तो लिहिला असता तर वेगळा झाला असता. डोंगरकेरींचा इतिहास सभांचे ठराव, नियमांतले बदल आणि इमारतींचे खर्च यांच्यातून चालतो, कारण लिहिणाऱ्याचा हात त्या कागदांवरून रोज फिरलेला होता. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९५८ ला, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि त्याचे पहिले कुलगुरू म्हणून डोंगरकेरी गेले. कोरं विद्यापीठ उभं करायचं होतं. नियम, परीक्षा, कॉलेजांची संलग्नता, कर्मचारी, सगळं शून्यातून. सरकारने त्यासाठी विद्यापीठ चालवून बघितलेला माणूस निवडला. प्रशासनातून वर येऊन थेट कुलगुरुपदी, हे तेव्हा कोणाला विचित्र वाटलं नाही. आज कुलगुरुपदाच्या जाहिरातीत प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव मागतात. डोंगरकेरी आज अर्ज करते तर छाननीतच गळाले असते.

हे दार बंद व्हायचं एक कारण सरळ आहे. विद्यापीठं शिकवू लागली, विभाग वाढले, संशोधन आलं, आणि विद्यापीठाचा चेहरा प्राध्यापकाचा झाला. त्यात गैर काही नाही. पण कचेरीचं काम त्याच वेगाने वाढत होतं, आणि ते करणाऱ्यांच्या पायऱ्या कोणी नव्याने आखल्या नाहीत. सरकारी खात्यातल्या पायऱ्या तशाच उचलून आणल्या. १९७४ मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे कायदे नव्याने झाले. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या अटी सगळीकडे एकसारख्या झाल्या त्या त्यानंतर, १९८४ च्या प्रमाण संहितेने. तिचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून सगळे ‘स्टँडर्ड कोड’ म्हणतात. तिने मोठं काम केलं. तोवर संस्थाचालकाच्या मर्जीवर असलेली नेमणूक, रजा, चौकशी, बढती कागदावर आली. कॉलेजातल्या शिपायालाही नियम दाखवता येऊ लागला.

त्या संहितेतून जी साखळी दिसते ती अशी. शिपाई किंवा हमाल म्हणून लागलेला माणूस शिकला, टायपिंगची परीक्षा पास झाला, तर कनिष्ठ लिपिक होऊ शकतो. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. पुढे वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक. विद्यापीठात त्याच्यावर सहाय्यक कुलसचिव, उपकुलसचिव आणि मग कुलसचिव. प्रयोगशाळेतला परिचर आणि ग्रंथालयातला परिचर यांच्या वाटा वेगळ्या, आणि त्या लवकर संपतात. वाचताना साखळी लांब दिसते. पण प्रत्येक कडी रिकामी व्हावी लागते. वरचा निवृत्त झाला, वारला किंवा सोडून गेला तरच खालचा सरकतो. शिवाय विभागीय पदोन्नती समिती बसायला हवी, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून हवी, पाच वर्षांचे गोपनीय अहवाल जागेवर हवेत. यातलं एक अडलं की सगळं अडतं.

कॉलेजात तर साखळी आणखी आखूड. मुंबई विद्यापीठाची हद्द पालघर ते सिंधुदुर्ग पसरलेली आहे, संलग्न कॉलेजं शेकड्यांनी आहेत, पण सेवाज्येष्ठतेची यादी संस्थेपुरती. वसईचं वर्तक कॉलेज १९७१ सालचं, गोन्सालो गार्सिया कॉलेज १९८४ सालचं, आणि विरारची कॉलेजं त्यानंतरची. समजा, एका संस्थेत मुख्य लिपिकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे आणि पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या संस्थेत त्या पदाला लायक माणूस पंधरा वर्षं वरिष्ठ लिपिक म्हणून बसलेला आहे, तरी त्याला बढतीने तिकडे जाता येत नाही. नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी मान्यता. ज्या संस्थेचं एकच कॉलेज, तिथे मुख्य लिपिकाची एक जागा, आणि तिच्यावर नजर ठेवून बसलेले चार जण, वयाने जवळजवळ सारखे. त्यातला एक निवृत्तीआधी तीन वर्षं त्या खुर्चीवर बसतो. बाकीचे त्याच्या निरोप समारंभात भाषण करतात.

१९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्याच सुमाराचा वेतन आयोग, इथे दोन वाटा कायमच्या फुटल्या. शिक्षकांना १९८८ च्या निर्णयाने, १ जानेवारी १९८६ पासून, करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम मिळाली. आठ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, सोळा वर्षांनी निवड श्रेणी. पुढच्या आयोगांनी तीच वाट असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरपर्यंत नेली. तिचा गाभा असा की बढती माणसाला चिकटलेली आहे, जागेला नाही. वर जागा रिकामी नसली तरी प्राध्यापक आपल्या कामावर वर चढतो आणि त्याच टेबलाशी बसून त्याचं पद बदलतं. त्यासाठी त्याने अमुक कोर्स करावेत, अमुक लिहावं, अशी अट आली. कोर्स द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून देशभर ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. २०१५ मध्ये त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं. २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र झालं, आणि कोणासाठी हे तर पाटीवरच आलं. मधल्या काळात तिथे शिक्षकेतरांसाठी आठवड्याभराचे वर्ग व्हायचे, काही चांगलेही व्हायचे. पण ते केल्याने कोणाची श्रेणी हलत नसे.

कारकुनाच्या वाट्याला त्यानंतर काही वर्षांनी आली ती कालबद्ध पदोन्नती. राज्य सरकारचा निर्णय ८ जून १९९५ चा, लागू १ ऑक्टोबर १९९४ पासून. बारा वर्षं एकाच पदावर काढली आणि बढती मिळाली नाही, तर वरच्या पदाचं वेतन. २००१ मध्ये तिचं नाव सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना झालं. २०१० च्या निर्णयाने बारा आणि चोवीस वर्षांनी असे दोन लाभ आले, आणि २०१९ मध्ये सातव्या वेतन आयोगाबरोबर सरकारी कर्मचाऱ्यांना दहा, वीस आणि तीस वर्षांनी असे तीन. घर चालवणाऱ्या माणसासाठी हे मोलाचं आहे. चंदनसारच्या कितीतरी घरांचे हप्ते त्या लाभावर फिटले असतील. पण या योजनेने जे दिलं ते वेतन. काम तेच, टेबल तेच, सहीचा अधिकार तोच. माणूस अठ्ठावीस वर्षं पात्रता विभागात बसून राहतो आणि शेवटी अधीक्षकाचा पगार घेऊन कनिष्ठाच्या टेबलावरून निवृत्त होतो. शिक्षकाच्या योजनेत निदान पद बदलतं, आणि त्यासाठी काहीतरी शिकावं लागतं. इथे काही न शिकताही लाभ मिळतो, आणि शिकूनही त्याहून जास्त मिळत नाही. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या भागाची.

शिकायला लावणारा हुकूम एकदाच आला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची, म्हणजे एमकेसीएलची, स्थापना २००१ ची, आणि तिचं एमएस-सीआयटी हे संगणकाचं प्रशिक्षण त्याच सुमाराचं. सरकारने कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं केलं आणि मुदतीत पास न होणाऱ्यांची वेतनवाढ रोखायचं ठरवलं. पन्नाशीतले अधीक्षक मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर माउस धरायला शिकले. विरार-नालासोपाऱ्यात टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्यांवर एका वर्षात संगणक आला. दंडाच्या भीतीने का होईना, त्या दोन-तीन वर्षांत कचेऱ्यांत जेवढं नवीन आलं तेवढं पुढे प्रशिक्षणाच्या नावाखाली आलं नाही.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचा निर्णय अचानक घेतला. ४७७ परीक्षा, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. निकाल महिनोन्‌महिने रखडले, राज्यपालांनी मुदती घालून दिल्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. चर्चा कंत्राटदार कंपनीची झाली, कुलगुरूंची झाली, प्राध्यापकांना स्क्रीनवर तपासता येतं का याची झाली. पण गठ्ठे उघडून, बारकोड लावून, स्कॅनिंगला पाठवून, हरवलेलं पान शोधून निकाल जुळवणारे हात परीक्षा भवनातले होते. त्यांना आधी कोणी विचारलं असतं तर बराच घोळ टळला असता, असं मला वाटतं.

प्रशिक्षणाचा एक वेगळाच जन्म कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे झाला. मूल्यांकनाच्या सहाव्या निकषात शिक्षक आणि शिक्षकेतरांसाठी किती कार्यक्रम घेतले त्याला गुण असतात. तेव्हापासून कॉलेजांत शिक्षकेतरांच्या कार्यशाळा भरतात. बॅनर, दीपप्रज्वलन, तणावमुक्तीवर व्याख्यान, चहा, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. फोटो फाईलला लागतो आणि फाईल लावायचं काम अर्थात त्याच शिक्षकेतर माणसाकडे असतं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अडकलेला शिष्यवृत्तीचा अर्ज कसा सोडवायचा, यावर कार्यशाळा झालेली माझ्या ऐकण्यात नाही.

बाहेरच्या देशांत हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रस्त्याने गेली. ब्रिटनमध्ये १९६१ पासून विद्यापीठातले प्रशासक स्वतःहून एकत्र जमू लागले आणि त्यातून पुढे त्यांची व्यावसायिक संघटना उभी राहिली. पगाराची घासाघीस युनियनने करायची आणि कामाचं कसब या संघटनेने वाढवायचं, अशी वाटणी झाली. २००८ मध्ये सेलिया व्हिटचर्च यांनी दाखवून दिलं की धड शिक्षक नाही आणि धड कारकून नाही, असा एक मधला वर्ग विद्यापीठांत तयार झालाय. संशोधन निधी, परदेशी विद्यार्थी, गुणवत्ता कक्ष सांभाळणारा. आपल्याकडेही तो वर्ग आहे. फक्त त्याला पदनाम नाही. कॉलेजचा नॅकचा अहवाल रात्री बारापर्यंत बसून जुळवणारा वरिष्ठ लिपिक हा तोच.

आपल्याकडे जे मिळालेलं होतं तेच टिकवण्यात मधली वर्षं गेली. विद्यापीठ आणि कॉलेजांतल्या शिक्षकेतरांना आश्वासित प्रगती लागू करणारे जुने निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने रद्द केले. त्यावरून आंदोलनं झाली, आश्वासनं मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभर परीक्षांच्या कामावर बहिष्कार आणि मग बेमुदत संप झाला. मागण्यांच्या यादीत वर होते रद्द केलेले निर्णय परत लागू करणं आणि दहा-वीस-तीसचा लाभ. सातव्या आयोगापासून वंचित राहिलेले विद्यापीठांतले १४१० कर्मचारीही त्या यादीत होते. त्या दिवसांत ऐन वेळी परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या आणि विद्यापीठ कोणाच्या हाताने चालतं, ते वर्तमानपत्रांत आलं. पण यादी नीट वाचली तर तीही मुख्यतः वेतनाचीच आहे. संघटनांना दोष देता येत नाही. जे हातातून काढून घेतलं जातंय तेच माणूस आधी धरतो.

आता कुलसचिवपदाची अट बघा. पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, आणि एक तर अध्यापनाचा पंधरा वर्षांचा अनुभव, किंवा प्रशासनातली पंधरा वर्षं, ज्यातली आठ उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावर. उपकुलसचिव व्हायला सहाय्यक कुलसचिव म्हणून पाच वर्षं लागतात, किंवा पुन्हा अध्यापनातला अनुभव चालतो. निवृत्तीचं वय ५८ धरलं तर खालून चढणाऱ्याला पंचेचाळिशीच्या आत सहाय्यक कुलसचिव व्हावंच लागतं, आणि कुलसचिवपदाची पाच वर्षांची मुदत पुरी करायची तर चाळिशीत. कनिष्ठ लिपिक म्हणून पंचविशीत लागलेल्याने पंधरा वर्षांत वरिष्ठ, मुख्य, अधीक्षक या पायऱ्या ओलांडायच्या, त्याही वरची जागा रिकामी होण्याची वाट बघत, आणि मधल्या काळात एम.ए. ५५ टक्क्यांनी करायचं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाल्यापासून पदवी मिळवणं सोपं झालं. गाडीत अभ्यास करून बी.ए. झालेले शिपाई आणि लिपिक विरारच्या लोकलने पुष्कळ पाहिले आहेत. पण वर्षं कुठून आणायची? कायद्याने दार उघडं आहे, हिशेबाने बंद.

आणि हे सगळं अनुदानित, मंजूर पदांवरच्या माणसांचं झालं. २००१ नंतर कायम विनाअनुदान तत्त्वावर कॉलेजं आणि तुकड्या वाढल्या. वसई-विरारची लोकसंख्या वाढली तीही याच काळात. त्यामुळे इथल्या नव्या अभ्यासक्रमांच्या ऑफिसांत बसलेली बरीच मुलं-मुली संस्थेच्या पगारावर, ठोक मानधनावर, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. प्रवेश, पात्रता, हॉलतिकीट, शिष्यवृत्ती, सगळं तीच बघतात. ती प्रमाण संहितेच्या साखळीत नाहीत, आश्वासित प्रगतीत नाहीत, संपाच्या मागण्यांतही ठळकपणे नाहीत. एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेली की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

यातलं थोडं तरी वसई तालुक्यातच सुधारता येईल. कराराच्या माणसांना पगार संस्था देते, नियमही संस्थाच ठरवते. वसई, नालासोपारा, विरारच्या संस्थांनी एकमेकांकडच्या कामाची वर्षं आणि विषय नोंदवणारा एक साधा सेवादाखला मान्य करायचा. परीक्षा, शिष्यवृत्ती, लेखा, संलग्नता या चार कामांची वर्षातून एकदा खरीखुरी परीक्षा मिळून घ्यायची, आणि पास होणाऱ्याला दुसऱ्या कॉलेजात गेल्यावरही वरची पायरी आणि सहीचा थोडा अधिकार द्यायचा. परीक्षा कशी घ्यायची ते तरी या लोकांना कोणी शिकवायची गरज नाही, आणि मंत्रालयातून शासन निर्णय निघायची वाट बघावी लागत नाही.